पाच तुकडे

मुलानं दुकानातून पाच नमुने पाठवले,
तळहाताएवढे.
एदेलमीरानं ते कुंपणावर ठोकले
आणि अख्खा हिवाळा त्यांच्याकडे पाहिलं नाही.
म्हणजे, पाहिलं रोज; बोलली नाही.

चिलोए बेटावर पाऊस आडवा येतो, खारा.
पाइनला जूनमध्येच शेवाळ धरलं.
रंगवलेल्या फळीचा पापुद्रा कोंबडीनं सोलून नेला.
लोखंडी पट्टी तांबडी रडली, खालच्या गवतापर्यंत.
सायप्रस करडा पडला. चिरला नाही.

आणि पाचवा, प्लास्टिक मिसळलेला,
पंचवीस वर्षांच्या हमीचा,
त्याला काही म्हणजे काही झालं नाही.
घरी येऊन पाण्याचा घोटही न घेणाऱ्या
पाहुण्यासारखा राहिला.
"हाच घे, आई," मुलगा फोनवर.
ती म्हणाली, दहिवरात यावरून मांजर घसरलं.

सप्टेंबरात बाउदिलिओ सुतार आला, कानावर पेन्सिल.
सायप्रस, बरं. आणि खिळे?
"खिळ्यांत काटकसर नको, स्टेनलेसचे घे.
फळ्यांमध्ये तुझ्या त्या पेन्सिलीएवढी फट ठेव.
पाण्याला वाट दिली नाही तर ते मुक्कामच करतं."

"किती वर्षं टिकायला हवा हा ओटा?"

एदेलमीरानं वर्षं मोजली नाहीत.
म्हणाली, माझ्यामागे नऊ रात्री प्रार्थना चालेल.
घरात मावणार नाहीत सगळे,
साठेक माणसं इथं उभी राहतील,
हातात रश्श्याच्या वाट्या,
थंडीनं बूट आपटत.
तेवढं वजन धर.

त्यानं कागदावर दोन तुळया खोडून
तीन लिहिल्या.