पंचवीस की सव्वीस

चार झाले. पाचव्याला
द्वारकेच्या चौकात, पॅकहाउसच्या गाडीतून उतरताना
डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग काहीच नाही.
जाग आली तेव्हा तोंडात साखरपाणी होतं
आणि कुणीतरी माझ्या चपला
नीट जोडून ठेवल्या होत्या उशाशी.

आहिरे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ पॉइंट दोन.
एवढ्या रक्तात दोघांचं भागतं का गं?
इद्रीसने मशिदीच्या पायरीवर हाफिजसाहेबांना गाठलं.
ते म्हणाले, सवलत आहे, नंतर भरून काढायचे.
सवलत.
एसटीत अर्धं तिकीट घेतेच की मी,
तेव्हा पिशवी अशी जड होत नाही.

पहाटे चारला तरी जाग येतेच.
गल्लीतून तो म्हातारा पत्र्याचा डबा बडवत जातो,
अम्मी तव्यावर पराठा टाकते,
कौसर अर्धवट झोपेत दही घुसळते.
मी भिंतीकडे तोंड करून पडून.
आणि आतलं ते, बरोबर त्याच वेळी उठून
टाच घासतं बरगडीखाली,
पंगत बसली नि याला बोलावलंच नाही जणू.

रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो,
सरकत सरकत आता द्राक्षांच्या हंगामात येऊन बसलाय.
हॉलमध्ये गारठा, डोक्यावर जाळीची टोपी,
घड देठाला धरून उचलायचा,
मण्याला बोट लागलं की वरची साय पुसली जाते.
चिरलेला मणी तेवढा कात्रीच्या टोकाने काढायचा.
गेल्या साली टनभर द्राक्षं हाताखालून गेली,
एक मणी जिभेला लागू दिला नाही.
त्याचा मला गर्व होता. आता कळतंय, होता.

यंदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला,
तर रंजना लोखंडे म्हणाली, अगं, उपास नाही धरलास?
मग तिचं तिलाच कळलं, माझ्या पोटाकडे बघून.
दुसऱ्या दिवशी अळिवाचे दोन लाडू आणले,
लेकीसाठी केलेत, म्हणाली, उरले.
उरले नव्हते.
मी खाल्ले, पाठ सगळ्यांकडे करून,
चोरलेले असावेत तसे.

अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते,
सहा बाळंतपणं, एक रोजा सोडला नाही,
तेही वैशाखातले, गोदेला पाणी नसायचं तेव्हाचे.
सहा.
घरातली भावंडं पाच.
मी सून होऊन सात वर्षं झाली, कधी मोजून दाखवले नाहीत.

रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं,
दाराला पाठ लावून बसली,
ताट माझ्याकडे सरकवलं, पेल्यात पाणी ओतलं.
तिचे स्वतःचे ओठ पांढरे पडलेले.
म्हणाली, सावकाश खा. कुणी येत नाही.
मी दोन घास घेतले असतील.
मग तिने पदराने पेल्याचा बूड पुसला, उगाच,
नि म्हणाली, मला कुणी थांबवलं नव्हतं.
एवढंच.
बाहेर कांद्याची गाडी ओरडत गेली.
मी भात संपवला, शितही ठेवलं नाही.

दवाखान्याच्या कार्डामागे मी रेघा मारल्यात,
लोहाच्या गोळ्यांच्या यादीखाली.
डिसेंबरात फेडीन म्हणते, दिवस आखूड, तहान कमी.
पण तेव्हा हे अंगावर पिणारं असेल.
मग त्याच्या पुढल्या साली. बाकी वाढत जाणार.
कौसर म्हणते, अर्धे मी धरते तुझे.
असं नाही चालत गं.
बरं, मग निदान तेरा?

आज एकोणतिसावा.
सगळे गच्चीवर, पोरं टाकीवर चढलेली,
पश्चिमेला पांडवलेण्यांच्या डोंगरावर धुरकट लाली.
त्यांना चंद्र हवाय ईदेसाठी, शिरखुर्म्यासाठी.
मी एक हात कमरेला लावून जिना चढतेय,
पायरी पायरीवर थांबत.
आज दिसला तर पंचवीस,
नाहीतर सव्वीस.
दिस बाबा,
एक रेघ तरी कमी.