लातूर–नांदेड, हवेतून

सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर.
वेळ बेचाळीस मिनिटं, वारा आडवा नसेल तर.
हे त्या शिकाऊ पोरीनं काढलं, माझ्या टेबलावर
नकाशा पसरून, चहाचा कप बाजूला सारून.

मी बंबाचा ड्रायव्हर. अकरा वर्षं झाली,
बंब अजून कुठल्याच आगीवर गेलेला नाही.
रोज सकाळी इंजिन चालू करतो, दहा मिनिटं,
बॅटरी उतरू नये म्हणून.
मग धावपट्टीवरच्या टिटव्या हाकलतो.

प्रवासी विमान या दोन गावांत नाही.
पट्टा आवळेस्तोवर सोडायची वेळ,
कोण तिकीट काढील?
येतं ते असलंच, दोन खुर्च्यांचं,
दोघांनी ढकललं तर सरकणारं.
ते उडालं की मी नांदेडला फोन लावतो.
तिकडं कुलवंतसिंग, तोही बंबावरच.
"निघालं. येलालंय तिकडं."
"बरं."
आणि तासाभरात त्याचा:
"पोचलं."
नियमात हे कुठंच नाही.
वरच्या खोलीतले साहेब रेडिओवर बोलतातच.
आम्ही आपलं सांगतो.

कधी फोन तसाच चालू राहतो.
"कुठपर्यंत गेलं असंल?"
"चाकूर मागं पडलं असंल."
"आता लिंबोटीचं पाणी दिसत असंल त्याला."
दोघांपैकी कुणी विमानात बसलेलं नाही.
त्याच्या नातीचं नाव आम्ही
अहमदपूरच्या वर असताना ठरवलं.

त्या दिवशी पोरीला म्हणालो,
पाव किलो कारळाची चटणी आहे, नेशील का?
तिनं पुडा हातावर तोलला, आणि कागदावर
वजनाच्या रकान्यात खरंच काहीतरी लिहिलं.

बेचाळीस मिनिटं.
पन्नास.
एक तास पाच.
मी बंबाला टेकून उभा. वाऱ्याची पिशवी
खांबावर ओल्या धोतरासारखी लोंबत होती,
म्हणजे वाऱ्यावरही ढकलता येईना.
एक तास वीसला फोन. कुणा पोराचा आवाज.
"मामा दवाखान्यात हायेत, सकाळपासून.
विमान तर कवाच पोचलंय.
ही चटणी कुणाला द्यायची?"

दुसऱ्या दिवशी एसटी.
आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद,
अहमदपूरला कंडक्टरचा चहा,
लोह्याच्या अलीकडं टायर.
पाच तास.

खाटेवर एक बुटका माणूस, दाढी पांढरी,
डोक्याला केशरी पटका.
आवाजावरून मी त्याला उंच धरलं होतं.
तोही मला खालीवर बघत होता.
"तुमाला टक्कल असंल असं वाटलं नव्हतं," म्हणाला.
मग काही सुचेना.
समोरासमोर बोलायची आम्हाला सवय नव्हती.
मी खिडकीकडं बघत राहिलो, तो सलाइनकडं.
बाटली सरायला अजून
माळाकोळी ते लोहा एवढं अंतर होतं.

परतीची गाडी सहाची.
सीटवर रुमाल टाकून बसलो तोच फोन.
"निघालं का?"
निघालात का, नाही.
निघालं का.
"निघालं," मी म्हणालो.
"बरं."
लोह्यात दिवे लागले होते.
दोघांनाही ठेवायचं सुचलं नव्हतं,
फोन अजून चालूच होता.