सदतीस नंबरचं पाडस

रात्रीचे दोन. इनारीत जूनमध्ये
सूर्य मावळायचं विसरतो, तशी मी झोपायचं.
लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर, की-बोर्डात डास,
कुंपणाच्या आत धूळ, घोगरे हुंकार,
गळ्यात नंबराच्या पाट्या अडकवलेली
रेनडिअरची पाडसं पळताहेत गोल गोल,
घड्याळाच्या उलट.

ऊला फळीवर बसून दुर्बिणीतून वाचतो:
"बारा, माझ्या बहिणीच्या मादीमागे.
एकोणीस, पिएराच्या."
पाडस जिच्या मागे धावेल,
तिच्या मालकाची खूण त्याच्या कानात कापायची.
कायदा एवढाच, कागदाच्याही आधीचा.
तो मी एका ओळीत बसवला होता:
पाडस टिंब आई टिंब मालक.
हिवाळ्यात, हीटरशेजारी,
ती ओळ मला फार देखणी वाटली होती.

सदतीसला प्रोग्राम कोसळला.
लाल अक्षरं: संदर्भ रिकामा.

शून्य नव्हे, बरं का. शून्य मोजता येतं,
त्याला निदान एक गोल अंग असतं.
हे म्हणजे अंधारात कडीला हात घालावा
आणि कडीच काय, दारही नसावं, भिंतही.
मी आईला गृहीत धरलं होतं.
धरतातच सगळे.

पहिली युक्ती जुनी: चुकीवर पांघरूण घाल,
पकड, गिळ, पुढे चल.
मी तसं केलं नाही.
खोटं कशाला, केलं,
आणि दहा मिनिटांनी पुसलं.
मग टिंबाआधी एक प्रश्नचिन्ह ठेवलं:
आई असेल तर पुढचं विचार, नसेल तर गप्प राहा.
प्रोग्राम शहाण्या मुलासारखा शेवटपर्यंत गेला.

ऊलाने यादीवर बोट फिरवलं,
नखात वाळलेलं रक्त.
"आत त्रेचाळीस आहेत, हिल्का.
तुझ्याकडे बेचाळीस."
लाल अक्षर कुठेच नव्हतं.
छत्तीसनंतर अडतीस, मधली फट
दिसतही नव्हती,
आणि सदतीस कुंपणाला नाक लावून ओरडत होतं.

"आई कुठाय त्याची?" मी अखेर विचारलं,
जे टाइप करण्याआधी विचारायला हवं होतं.
"मंगळवारी. लाकडाचा ट्रक.
कान बघायला गेलो तर
कोल्ह्यांनी कान ठेवले नव्हते."

मग कोड उलटा चढत गेले, ओढ्याच्या उगमाकडे,
नोंद जिथे जन्मते तिथे.
आईशिवाय आत घ्यायचंच नाही, असा नियम करता आला असता.
पण ते आलंच होतं की, चार पायांवर.
म्हणून एक मादी लिहिली, जी कधी चरली नाही:
नाव 'अज्ञात', वजन नाही, वय नाही,
पण मालक विचारला तर गप्प बसत नाही.
सांगते, संघ. शरदात लिलाव, पैसे सगळ्यांचे.
तीन वाजून पाच मिनिटांनी
त्रेचाळीस ओळी आल्या.

ऊलाने कॉफीत चीजचा तुकडा टाकला,
तो मऊ होईपर्यंत काही बोलला नाही.
मग कपानेच दाखवलं:
"कालपासून ते त्या म्हाताऱ्या खच्ची नराच्या मागे फिरतंय.
हाकललं त्याने दोनदा. आता हाकलत नाही.
याला रकाना आहे का तुझ्यात?"

मी लिहिलं, पाडस टिंब,
आणि कर्सर लुकलुकत राहिला.
पलीकडे नर पाय दुमडून बसला होता,
डासांवर कान हलवत,
आणि पाटी त्याच्या कुशीला घासून
खुळखुळत होती.