सामाईक फट

लुद्विकच्या आणि माझ्या घरांमध्ये गाडीपुरती एकच काँक्रीटची वाट,
आणि तिच्या बरोबर मधून सांधा:
अर्धा इंच रुंद, चाळीस फूट लांब,
दोघांच्या मालकीचा,
म्हणजे दुरुस्तीला कुणाचाच नाही.

बफेलोच्या बर्फानं आणि बर्फावर टाकलेल्या मिठानं
आतली लाकडी पट्टी कॉफीत विसरलेल्या बिस्किटासारखी झालेली.
स्क्रू-ड्रायव्हर घातला की भुसा,
भुशामागून मुंग्या, तोंडात पांढरी अंडी धरून,
नोटीस न देता घर पाडायला आल्यासारखी त्यांची धावपळ.

जूनचा शनिवार. मी गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन
रस्त्याच्या टोकापासून उकरत निघालो.
अकरा हिवाळे आम्ही बोललो नव्हतो.
माझ्या यंत्रानं उडवलेला बर्फ एका पहाटे
हेलनच्या गाडीवर जाऊन बसला होता,
तिची डायलिसिसची वेळ सातची.
मला माहीत नव्हतं.
माहीत नव्हतं हे मी सांगायला गेलो नाही,
हे मात्र मला माहीत होतं.

दुपारी माझ्या कागदावर एक सावली थांबली.
"दोरी बारीक आणलीस. आत पडेल."
आणि हातातलं फोमच्या जाड दोरीचं वेटोळं खाली टाकून
तो गॅरेजच्या टोकाकडे चालू लागला.

मग तो तिकडून, मी इकडून.
तो मध्येच ओरडे: "ठासू नकोस!
उन्हात फुगतं हे सगळं. जागा ठेव."
मी पातळ मसाला आणला होता, उतारावर वाहत गेला,
तेव्हा तो हसला की खोकला, कळलं नाही.

किचनच्या दाराशी, त्याच्या वाट्याच्या भागात,
मातीतून एक केसांची पिन निघाली.
त्यानं ती पँटला पुसली,
शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.
मी नोझल कापत होतो. कापलेलंच पुन्हा कापलं.

संध्याकाळी दोन टोकांना दोन खुर्च्या आडव्या ठेवल्या,
चोवीस तास गाडी आत आणायची नाही.
त्याची बिअर कोमट होती.

सकाळी पाहतो तर
राखाडी रेषेत मेपलचं एक बी चिकटलेलं, पंखासकट.
काढायला वाकलो,
पंख हातात आला,
बी तिथंच.