रंग किती टक्के

हॅलो, ईस्ट कॉर्बिन गावकचेरी.
हो, मीच. लुएला टटल.
कुत्र्यांचे परवाने, जन्ममृत्यूचे दाखले, आणि
सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारपासून
पानांचा रंग.

आज चाळीस टक्के.
मोजते कशी? खिडकीतून बघते
आणि कालच्यापेक्षा थोडं जास्त सांगते.

आधी दलदलीतले मेपल पेटतात.
ज्यांचे पाय ओले, त्यांना थंडी लवकर कळते.
मग टेकडीवरचे, वरून खाली,
घसरगुंडीवरून पोरं यावीत
तसा शेंदरी एकावर एक आदळत येतो.
भूर्ज पिवळे. बीच पितळी.
ओक सगळ्यात शेवटी,
लग्नाला बोलावलं की पंगती उठल्यावर येणाऱ्या
चुलत्यांसारखे.

तुम्ही असं करा,
लाकडी पुलावरून डावीकडे वळा.
पुलावर गाडी थांबवू नका, सगळेच थांबवतात.
प्रॅटच्या गोठ्यापाशी फोटो छान येतो,
गायीसुद्धा हल्ली तोंड वर करून उभ्या राहतात.
पुढे दफनभूमीची उतरण,
दगड गुडघाभर पानांत, नावं वाचायला वाकावं लागतं.
आणि एखादी फांदी ऑगस्टमध्येच लाल झालेली दिसली
तर तिचं कौतुक करू नका.
ती आजारी असते.

छत्तीस वर्षं हेच सांगते आहे.
सगळ्यात देखणं झाड मात्र कुणालाच सांगितलं नाही.

ते कचरा डेपोत आहे.
फुटकी कमोडं, गंजके फ्रीज, गाद्यांचा ढीग
आणि मधोमध तो साखर-मेपल,
एवढा थोरला, एवढा निर्लज्ज केशरी
की शनिवारी कचरा टाकायला आलेली माणसं
रिकाम्या बादल्या हातात धरून
हवापाण्याचं बोलत राहतात, घरी जात नाहीत.
खाली खुर्ची टाकून अर्मां थिबो.
काच निळ्या पिंपात, काच निळ्या पिंपात,
दिवसभरात एवढंच बोलतो.

परवा एक फोन आला.
टक्के विचारलेच नाहीत त्याने.
म्हणाला, असं एखादं झाड आहे का
की गाडी थेट खाली नेता येईल?
आईला उतरता येत नाही.
मान वर होते. तेवढंच होतं आता.

मी नकाशा पुढे ओढला.
पूल नाही. गोठ्याकडे चिखल.
दफनभूमी, ते तर नाहीच.
पेन्सिल कधीची डेपोवर टेकून बसली होती.

बुधवारी डेपो बंद असतो.
अर्मांने फाटक उघडलं,
गाद्या एकट्याने ओढत कुंपणामागे नेल्या,
म्हणाला, नाहीतरी हलवायच्याच होत्या.
(चौदा महिने हलवायच्याच होत्या.)

करडी गाडी बुंध्यापाशी येऊन थांबली.
काच खाली झाली, आतून एक हात बाहेर आला,
हातात छोटी पिशवी, नीट गाठ मारलेली.
मुलगा ओशाळला. ऐकेचना, म्हणाला.
म्हणते, कचरा डेपोत जायचं
तर रिकाम्या हाताने कसं जायचं?

अर्मांने पिशवी घेतली. उघडून बघितली, नियमच आहे.
केळ्याचं साल. तीन टी-बॅग.
खोकल्याच्या औषधाची बाटली, काचेची.
बाटली निळ्या पिंपात टाकली.
पावती फाडली. एक डॉलर.

दोन तास होते म्हणे.
समोरच्या काचेवर पानं साचत गेली
तसा मुलाने एकदा वायपर लावला.
मग आत काहीतरी बोलणं झालं,
काय ते अर्मांला ऐकू आलं नाही.
वायपर पुन्हा लागला नाही.

थांबा हं, दुसरी लाइन वाजते आहे.

हॅलो, ईस्ट कॉर्बिन.
हो. आज पंचेचाळीस.
लाकडी पुलावरून डावीकडे.