उखाची बारी

आधीची चार पोरं पाचवीच्या पूजेआधीच गेली.
पाचवं झालं तेव्हा सुईणीनं ते सुपात घातलं,
उकिरड्यावर ठेवलं
आणि मागं न बघता घरी आली.
मग आईनंच जायचं,
कुणाचं तरी टाकलेलं म्हणून उचलून आणायचं.
नाव उखा.
मरणानं उकिरड्यात हात घालू नये,
एवढंच त्यातलं शहाणपण.

आणि मरण फसलं.
छपन्नच्या दुष्काळात दारावरून गेलं,
मानमोडीत घरात शिरलं, सारजाला घेऊन गेलं,
पण उखाकडं बघितलं नाही.
केर समजलं असेल.

हे माझ्या आज्यानं सांगितलेलं.
आजा पाटकरी.
पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट निघायचा,
ह्या फडात गहू तर सगळ्यांचा गहू,
त्या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस,
पाणी माथ्याकडून शेपटाकडं, बांधाला बांध धरून.
पाटलाला आधी नाही, विधवेला मागं नाही.

उखाचं रान अगदी शेपटाला.
सव्वा बिघा, त्यात एक बाभूळ.
बारी यायची ती भर रात्री.
कांबळं डोक्यावर घेऊन तो बांधावर बसायचा,
फडक्यात कळण्याची भाकर, वर मिरचीचा गोळा.
तिकांडं बाभळीच्या शेंड्यावर आलं
की आजा लांबून हाळी द्यायचा,
‘उखा, पानी उनं का रे?’
तो म्हणायचा, ‘येयी ऱ्हायनं.’
पाणी दिसायच्या आधी त्याला कळायचं.
रातकिडे एका बाजूनं गप्प होत यायचे,
मुंग्या अंडी तोंडात धरून बांधावर चढायच्या,
मग टाचेला गार लागायचं.
तेव्हा उठायचा. आधी नाही.
एक बारं मोडायचं, एक बुजायचं.
त्याला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं
पण एकही वाफा कधी तहानलेला राहिला नाही.

शेजारचा दोधू.
वीतभर बांधासाठी दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद.
लग्नात पंगतीला बसले तर पाठीला पाठ.

पौषातली रात्र होती.
दोधूच्या गव्हात पाणी घुसलं,
नुकताच भरून झालेला गहू, पुन्हा गुडघाभर चिखल.
दोधू कंदील घेऊन शिव्या देत आला,
अकरा वर्षांच्या साठवलेल्या,
उखाच्या बापापासून सुरुवात करून.
उखा बाभळीला टेकलेला.
फावडं मांडीवर.
पाय पाण्यात, आणि पाणी पायांना वळसा घालून
फुटलेल्या बांधाकडं चाललेलं.
दोधूनं कंदील वर केला.
मग खाली ठेवला.

गावात लगेच सांगायला गेला नाही तो.
उखाच्या हातातून फावडं सोडवलं,
बोटं एकेक करून उघडावी लागली.
फुटलेला बांध बुजला.
कांबळं काढून त्याच्या अंगावर नीट घातलं
आणि उरलेले सात वाफे भरले.
आज्यानं हाळी दिली, ‘उखा, पानी उनं का रे?’
थोडा वेळ काहीच आलं नाही.
मग दोधूच्या गळ्यातून आलं,
‘उनं.’
आजा म्हणायचा, आवाज मी ओळखला होता
पण विचारलं नाही.

उजाडताना लोक आले. कुणी तरी दोधूवर ओरडलं,
रात्रभर मेलेला माणूस तसाच ठेवलास?
दोधू पाय धूत म्हणाला,
निम्मं रान कोरडं टाकून तो उठला असता का?

आखाजीला उखाची पहिली घागर भरली,
वर करा, त्यावर खरबूज.
शिवराम, त्याचा मुलगा, पाणी ओतत होता.
दोधू ओट्यापर्यंत आला, आत आला नाही.
पुढच्याच साली दोघं बांधावरून भांडले,
त्याच वीतभर जागेसाठी,
शिवरामच्या कपाळाला तीन टाके पडले.
गहू मात्र त्या साली
शेपटाकडं जास्त भरला होता.
आजा सांगायचा, आणि एवढंच सांगून
चिलमीत निखारा घालायचा.