बारा पेट्या, अठ्ठावन्न टक्के

अंधारलं, मधमाश्या आत गेल्या,
तशी आम्ही दारं लावली फोमच्या पट्ट्यांनी.
बारा पेट्या, प्रत्येकी तीस किलो.
आणि मग मी किल्ली फिरवली: अठ्ठावन्न टक्के.
भाच्याने गाडी नेली होती लग्नाच्या खुर्च्या वाहायला,
चार्जरची वायर भिंतीवर
गुंडाळलेली, जशी मी ठेवली होती तशीच.

कोंडलेल्या माशांना "उद्या जाऊ" म्हणता येत नाही.
खिंडीपलीकडे आल्पेनरोज फुललाय,
नावाचाच गुलाब तो, दोन आठवडे टिकतो फार तर.

मधाच्या लेबलामागे पेन्सिलीने मांडलं:
टीफेनकास्टेल, आठशे एक्कावन्न मीटर.
आल्बुलाचा माथा, दोन हजार तीनशे बारा.
वजाबाकी केली. हातचा विसरले. पुन्हा केली.
किलोमीटर एकतीसच, पण त्यांचं काही खरं नाही,
ही गाडी रस्ता खात नाही, उंची खाते.
माथ्यावर उरतील नऊ.

"काठावर पास," फिल्मोन म्हणाला.
माझ्याकडे शिकायला आलाय, एकोणीस वर्षांचा,
पोळ्याच्या चौकटी उचलतो अशा
की कुणाची झोप मोडायची नाही.

बेरग्यूनच्या चार्जरवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
आम्ही थांबलोही नाही.
हीटर बंद. रेडिओ बंद, त्याने काही वाचत नाही
हे ठाऊक असून.
मी नवऱ्याचा जुना कोट, फिल्मोनने पोत्याची घोंगडी,
काचेवर वाफ धरे, तो बाहीने पुसे,
चाळीसच्या वेगाने, वळणामागून वळण,
एकतीस. सव्वीस. एकवीस.
बाहेर चार अंश.
आणि मागे जाळीआड
तीन-चार लाख जीव पंख हलवत
पिल्लांना पस्तीस अंशांवर ठेवत होते.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं काटकसर चाललीय म्हणून.

चौदा झाले तेव्हा तो बोलला.
"आईचं शहर इतक्याच उंचीवर आहे. अस्मारा.
दहा-बारा मीटर इकडेतिकडे.
तिथून समुद्रापर्यंत नुसता उतार, सेराइना,
ढगातून खाली, मसावापर्यंत.
ही गाडी तिथून सोडली असती
तर भरत भरत गेली असती."
मी मनात गुणाकार केला. तसं होत नाही.
शंभराहून जास्त किलोमीटर, चाकांचं घर्षण, वारा,
उताराला जे सापडतं त्यातलं बरंच तो वाटेतच हरवतो.
बोलले नाही.
"तुम्ही त्याच रस्त्याने आलात?"
"नाही. दुसऱ्या बाजूने. रात्री. मी आईच्या पाठीवर होतो."
मग थोडं थांबून,
"माझं वजन किती होतं, ते ती अजून सांगते."

माथ्यावर आठ.
एक टक्का कुठे गेला, माझ्या लेबलावर नव्हतं ते.
दगडांत जुना बर्फ, सरायची खिडकी काळी,
आम्ही उतरलो नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत,
मी फक्त पाय उचलला पेडलवरून
आणि गाडी आपल्या आपण पुढे झाली.

ला पुंटला पोचलो तेव्हा अकरा.
साडेसहाशे मीटर उतरून तीन.
फिल्मोन त्या आकड्याकडे बघत राहिला,
कुणी उरलेली सुट्टी नाणी हातावर ठेवावीत तसा.

उजाडताना पट्ट्या काढल्या.
पहिली माशी बाहेर आली, दुसरी, मग पंधरा-वीस.
फुलांकडे एकही गेली नाही.
सगळ्या वळल्या, पेटीकडे तोंड करून
मागे मागे उडत राहिल्या, आधी लहान कमान, मग मोठी,
आपलं दार पाठ करत.

फिल्मोन घोंगडी पांघरूनच उभा होता.
"किती वेळ करतात असं?"
काही मिनिटं, मी म्हटलं.
आणि गाडी कुठे लावता येईल ते बघायला
गावात निघाले.